घराचा दोष आणि घरधन्याचा दोष

‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ ही म्हण आपल्याकडे आबालवृद्धांच्या तोंडी आहे. परंतु दुसऱ्याने बांधलेले, दुसऱ्याच्या तीन पिढ्यांनी वापरलेले आणि त्यांच्याच चुलीच्या धुराने काळवंडलेले घर विकत घेताना काय पहावे, यासंबंधी ही म्हण मुकी आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना बहुधा तशी गरज पडत नसे. घर वडिलार्जित मिळे, नाहीतर स्वतः बांधले जाई. सांप्रत घरे विकली जातात, घेतली जातात, आणि घेणाराला पुष्कळदा घराची खरी ओळख खरेदीखतावर सही झाल्यानंतरच्या पहिल्या पावसात होते. घराची आधी तपासणी करून घ्यावी, हे आता कित्येकांना पटू लागले आहे. परंतु तपासणीत दोष निघाल्यावर विकणाराशी काय बोलावे, किती मागावे आणि कोठे थांबावे, याचा विचार कोणी फारसा केलेला दिसत नाही. आमच्या कुटुंबाला हा प्रश्न साजगाव येथे पडला. त्यात आम्ही एक ठळक चूक केली आणि ती निस्तरताना काही शिकलो. ते वाचकांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे सांगत आहो.

साजगाव हे रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात खोपोलीला लागून असलेले गाव. बोंबल्या विठोबाच्या कार्तिकातील यात्रेमुळे त्याचे नाव पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो, त्यावरूनच देवाला हे नाव पडले, असे सांगतात. पूर्वेस बोरघाटाचा सह्याद्री उभा आहे आणि त्याच्या पश्चिम उतारावर पडणारे पाणी सारे याच बाजूस धाव घेते. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खाली सोडून टाटांनी खोपोलीस १९१५ साली वीज उत्पन्न करण्यास आरंभ केला, तो याच प्रदेशाच्या पावसाच्या भरवशावर. अशा ठिकाणी घर घेणाराने पहिला विचार पाण्याचा करावयास हवा. आम्ही तो शेवटी केला.

आम्ही दोघे बंधू, आमची मुले-सुना आणि नातवंडे मिळून सणासुदीला एका छपराखाली जमावे, अशी आमच्या वहिनींची फार दिवसांची इच्छा. साजगावात एक जुने कौलारू घर विकाऊ आहे असे कळले, म्हणून यात्रेच्या निमित्ताने जाऊन आम्ही ते पाहिले. ओटी, पडवी, माजघर, देवघर, वर माळा, मागे परस आणि परसात विहीर. भिंतींना नुकताच चुना लावलेला. कार्तिकातले कोवळे ऊन ओटीवर पसरले होते. घर सर्वांनाच आवडले, आणि आवडले म्हणूनच आमची दृष्टी मंद झाली.

सुदैवाने आमचे एक स्नेही सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आग्रह धरला की, एक रुपयाही इसार देण्यापूर्वी घर तपासावे. आम्ही म्हटले, बँकेचा मूल्यनिर्धारक येऊन पाहणारच आहे. त्यावर ते हसून म्हणाले, “तो बँकेचे कर्ज बुडणार नाही ना, एवढे पाहतो. तुमचे छप्पर गळेल की काय, हे पाहणे त्याचे काम नव्हे.” हा भेद प्रत्येक गृहस्थाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पौष महिन्यात आम्ही त्यांना घेऊन गेलो. त्यांनी प्रथम घरात पाऊलच टाकले नाही. घराभोवती दोन फेऱ्या घातल्या. जमिनीचा उतार कोणीकडे आहे, पागोळ्यांचे पाणी कोठे पडते, जोत्याच्या पायथ्याशी माती धुपली आहे काय, हे पाहिले. मागच्या डोंगराकडेही ते बराच वेळ पाहत राहिले. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. तेव्हापासून या भागात घर पाहणारा शहाणा मनुष्य आधी डोंगराकडे पाहतो. या घरामागे कडा नव्हता, सौम्य उताराची शेते होती. तेवढ्यापुरते समाधान झाले.

मग ते आत आले. खांब आणि तुळया बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्या. भरीव लाकूड खणखणीत बोलते, वाळवीने पोखरलेले बद्द बोलते. शंका आली तेथे टोच्या लावला. एका तुळईत तो विनासायास दीड इंच आत गेला. भर दुपारी माळ्यावर चढून त्यांनी खिडकी लावून घेतली आणि अंधारात कौलांमधून येणारे कवडसे मोजले. जितके कवडसे तितक्या गळत्या. भिंतीवरून ओळंबा सोडला, तेव्हा न्हाणीघराच्या बाजूची भिंत मध्यभागी फुगलेली दिसली. तेथे एक बारीक तडाही होता. त्यावर कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवून, तीवर तारीख घालून ठेवली. महिन्याभरात पट्टी फाटली तर भिंत अजून हलते आहे असे समजावे. विजेच्या तारा जुन्या, कापडी वेष्टनाच्या होत्या आणि जमिनीशी जोडणारी तार कोठेच नव्हती. हे सर्व ते सांगत गेले आणि आमचा पुतण्या वहीत टिपत गेला. निघताना ते एवढेच बोलले, “हे घर पौषात पाहून तुम्हाला अर्धे कळले आहे. उरलेले अर्धे आषाढात कळेल.” आम्ही ते वाक्यही टिपून घेतले, आणि विसरून गेलो.

याच सुमारास पुतण्याने गावठाणाच्या नकाशाची नक्कल व मिळकतीचा उतारा मिळवला आणि फीत धरून मोजणी केली. त्यात एक विलक्षण गोष्ट निघाली. विहिरीपलीकडचा सुमारे आठ हात रुंदीचा पट्टा, जो विकणारे गृहस्थ शेजाऱ्याचा समजत होते आणि त्यांनी आम्हाला तसाच दाखवला होता, तो नकाशाप्रमाणे याच घराचा होता. शेजाऱ्यांनीही त्यावर कधी हक्क सांगितला नव्हता. तो नुसताच पडून होता. पुतण्या हर्षभराने म्हणाला, “काका, हे त्यांना सांगू नका. किंमत ठरली आहे ती ठरली.” आमच्या धाकट्या बंधूंनीही मान डोलावली. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. ती आमची पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. वहीत एकोणीस दोष नोंदले गेले होते. त्या सर्वांची यादी करून आम्ही विकणारांना पत्र धाडले. घासणारे दार, देवघराच्या फडताळाची निखळलेली बिजागरी, ओटीच्या फरशीचा उडालेला टवका, यांनाही त्यात मानाचे स्थान मिळाले. यादीच्या माथ्यावर आमच्या हातून एक वाक्य लिहिले गेले: “ताज्या चुन्याखाली लपविलेले पुढील दोष आपण स्वखर्चाने दूर करून द्यावेत.”

तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. आवाज शांत होता, पण थरथरत होता. “गुरुजी, घर पसंत नसेल तर तसे सांगा, मला राग नाही. पण तो चुना मी लपवावयास लावला नाही. माझ्या आईने त्या घरात डोळे मिटले. तिच्या वर्षश्राद्धाला लावला आहे.” एवढे बोलून त्यांनी व्यवहार संपल्याचे सांगितले.

चाळीस वर्षे आम्ही मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले, आणि ‘लपविलेले’ या एका शब्दाचे वजन आम्हाला कळले नाही! घरात दोष असणे निराळे आणि घरधन्याच्या मनात खोट असणे निराळे. लाकडाला वाळवी लागते, भिंतीत पाणी मुरते, यात कोणाचा अपराध नसतो. आम्ही घराचा दोष सांगावयास गेलो आणि घरधन्यावर आरोप करून बसलो.

त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत आम्हाला विचार करण्यास पुष्कळ सवड मिळाली. जुने ग्रंथही चाळून पाहिले. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ हे एक स्वतंत्र पद आहे. अनुशय म्हणजे घेतल्यावर किंवा विकल्यावर होणारा पश्चात्ताप. मनूने दोघांनाही दहा दिवसांची मुदत दिली आहे. याज्ञवल्क्याने वस्तूवस्तूंची परीक्षा किती दिवसांत करावी हे निरनिराळे सांगितले आहे: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. नारदाचा कटाक्ष असा की, घेणाराने माल घेण्यापूर्वीच स्वतः पारखावा आणि पारखून पसंत केल्यावर तो परत करू नये. घराची परीक्षा किती दिवसांत करावी हे याज्ञवल्क्याच्या यादीत नाही. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर विकताना ते घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष पुकारावे, असा नियम आहे. याचा हेतू मुख्यतः सीमा आणि हक्क यांविषयी वाद राहू नये हा असावा. तथापि आम्हाला त्यात आणखी एक शहाणपण दिसले: घराविषयी सर्वांत अधिक माहिती शेजाऱ्यांना असते. आम्ही एकाही शेजाऱ्याला काही विचारले नव्हते.

मग आजचा कायदा पाहिला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे आणि त्याचे ५५ वे कलम प्रत्येक घर घेणाराने एकदा तरी वाचावे असे आहे. करारात निराळे ठरले नसेल तर, मिळकतीतील जो महत्त्वाचा दोष विकणाराला ठाऊक आहे, घेणाराला ठाऊक नाही आणि सामान्य दक्षता घेऊनही घेणाराच्या ध्यानात येण्यासारखा नाही, तो उघड करणे हे विकणाराचे कर्तव्य आहे. तसे न करणे हे कायद्याने कपट मानले आहे. यातील ‘सामान्य दक्षता’ हे शब्द फार महत्त्वाचे. फुटके कौल, फुगलेली भिंत, घासणारे दार हे दिसणारे दोष आहेत. ते पाहण्याची जबाबदारी घेणाराची. आमच्या यादीतील एकोणीसपैकी बहुतेक याच जातीचे होते.

परंतु त्याच कलमात पुढे आणखी एक वाक्य आढळले, आणि ते वाचून आम्ही चष्मा काढून ठेवला. विकणाराच्या हक्काचे स्वरूप किंवा विस्तार याविषयी, त्याला ठाऊक नसलेली आणि त्या हक्काची किंमत बरीच वाढविणारी एखादी गोष्ट घेणाराला ठाऊक असेल, तर ती विकणाराला सांगणे हे घेणाराचेही कर्तव्य आहे. विहिरीपलीकडचा पट्टा अगदी हाच! म्हणजे ज्या गृहस्थांवर आम्ही लपविल्याचा आरोप केला त्यांनी काही लपविले नव्हते, आणि लपवीत होतो ते आम्हीच.

नव्या इमारतीत सदनिका घेणारांची स्थिती निराळी आहे, हेही येथे सांगून टाकतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या १४ व्या कलमाप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला व तो विकासकाच्या नजरेस आणला, तर त्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. परंतु ही सवलत विकासकाविरुद्ध आहे. एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाला जुने घर विकले तर तिचा आधार मिळत नाही. तेथे ५५ वे कलम, आपले डोळे आणि आपली जीभ, एवढीच साधने. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, सौद्यानंतर ठराविक दिवसांत घर तपासून घ्यावयाचे, मग दुरुस्ती किंवा किमतीत सूट मागावयाची आणि न पटल्यास सौदा सोडावयाचा, अशी कलमे करारातच घालण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे तसा प्रघात नाही. परंतु साठेखतात तसे कलम घालण्यास कोणाची आडकाठीही नाही.

माघात आम्ही विकणारांना दुसरे पत्र लिहिले. त्यात यादी नव्हती. पहिल्या पत्रातील शब्दाबद्दल क्षमा मागितली होती आणि एकदा घरीच, ओटीवर भेटावे, अशी विनंती केली होती. ते आले. सोबत फक्त त्यांचा मुलगा होता. आमच्या बाजूने आम्ही, धाकटे बंधू आणि पुतण्या. चहा झाल्यावर आम्ही नकाशा उलगडला आणि विहिरीपलीकडच्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हटले, “ही जागा आपली आहे. आम्हाला महिन्यापूर्वीच कळले होते. सांगावयास उशीर झाला.”

धाकट्या बंधूंचा चेहरा उतरला. घरी परतताना ते म्हणालेच, “दादा, घरच्या पैशातून तुम्ही दुसऱ्यांना पुण्य वाटता.” त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते, पैसा एकट्या आमचा नव्हता.

विकणारे गृहस्थ मात्र नकाशाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मुलाला म्हणाले, “जरा विहिरीवरून जाऊन ये.” मुलगा गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, “गुरुजी, तुम्ही एकोणीस दोष लिहिलेत, पण विसावा तुम्हाला सापडला नाही. पावसाने जोर धरला की माजघरात उपळ फुटतो.”

डोंगरपायथ्याच्या गावांत राहणारांना उपळ काय ते सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. येथील माती खाली कातळावर बसलेली असते. पावसाळ्यात वरच्या उतारावर मुरलेले पाणी कातळापर्यंत उतरते, पुढे जाण्यास वाट मिळेना म्हणजे मातीतून वर दाटते आणि जेथे कमकुवत जागा मिळेल तेथे जमिनीतून पाझरू लागते. छपरातून एक थेंब गळत नाही आणि घरात पाणी! कार्तिकापासून वैशाखापर्यंत त्याची खूणही दिसत नाही. आमच्या स्नेह्यांचे ‘उरलेले अर्धे’ ते हेच. आणि कायद्याने ज्या दोषाविषयी विकणाराला बोलते केले आहे, तोही नेमका याच जातीचा.

त्यांनी हे आपण होऊन सांगितले. पट्ट्याची गोष्ट आम्ही दडवून ठेवली असती तर त्यांनी सांगितले असते काय? आम्ही याचे उत्तर देऊ शकत नाही. त्यांनाही ते कदाचित देता येणार नाही.

त्यानंतरची बोलणी दीड तासात संपली. ती कोणत्या तत्त्वावर झाली हे सांगतो, कारण या लेखाचा उपयोग असला तर तो येथेच आहे. आम्ही एकोणीस दोषांचे तीन ढीग केले. पहिला ढीग घराला किंवा घरातल्या माणसांना धोका देणाऱ्या दोषांचा: पोखरलेली तुळई व वासे, फुगलेली भिंत, विजेच्या तारा, आणि आता उपळ. दुसरा ढीग वयोमानाचा: झिजलेली फरशी, जुनी कौले, घासणारी दारे. जुने घर म्हणून किंमत आधीच उतरलेली असते; तिच्यात हे दोष धरलेले असतात. त्यांची पुन्हा मागणी करणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे कापणे. तिसरा ढीग आपल्या आवडीनिवडीचा: रंग, फडताळ, मोरीची जागा. त्याविषयी विकणाराजवळ अवाक्षरही काढू नये. बोलणी पहिल्या ढिगाचीच करावी. लहान मागण्यांनी मोठ्या मागणीचे वजन कमी होते आणि समोरचा मनुष्य उगाच दुखावतो.

दुसरे तत्त्व असे की, दुरुस्ती विकणाराकडून करवून घेऊ नये, किमतीत सूट घ्यावी. जो मनुष्य घर सोडून जाणार, तो दुरुस्ती स्वस्तात उरकणार; त्यात त्याची लबाडी नसते, तो मनुष्यस्वभाव आहे. पोखरलेल्या तुळईवर पट्टी ठोकून तो मोकळा होईल आणि मुरलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवील. मातीच्या दर्जांच्या जुन्या भिंतीला सिमेंट लावले म्हणजे ओल आतच कोंडते आणि भिंत अधिक लवकर खचते. तेथे चुनाच हवा. ज्याला घरात राहावयाचे आहे त्यानेच सुतार-गवंडी निवडावेत. याला अपवाद एकच. ज्या गोष्टींना विकणाराची सही लागते त्या मात्र त्याच्याकडूनच आणि आधीच पुऱ्या करून घ्याव्यात: वारसांच्या नोंदी, बहिणींची हक्कसोडपत्रे, घरपट्टी, विजेच्या देयकाची बाकी. या कामांत सूट घेऊन समाधान मानणारा पुढे जन्मभर कचेरीच्या पायऱ्या झिजवतो.

तिसरे तत्त्व, आकडा अंदाजाने बोलू नये. आम्ही दोन सुतारांकडून छपराच्या लाकूडकामाचे लेखी अंदाज घेतले होते, एक १,९०,००० रुपयांचा आणि दुसरा १,६०,००० रुपयांचा. मधला आकडा १,७५,००० धरला. लाकूड जुनेच होते, नवे घातल्याचा लाभ आम्हालाच होणार, म्हणून त्याचा निम्मा भार, ८७,५०० रुपये, त्यांनी सोसला. न्हाणीचे पाणी मुरू दिल्यामुळे भिंत बिघडली होती आणि कागदाची पट्टी महिन्याभरात फाटलीही होती. तिचे ६०,००० त्यांनी पुरे मान्य केले. विजेच्या तारा आम्ही तशाही नव्याने टाकणारच होतो, म्हणून ती मागणी आम्ही सोडली. उपळासाठी घराच्या वरच्या अंगाला पायाहून खोल चर खणून, त्यात दगड भरून, पाणी ओढ्यात काढून देण्याचा खर्च आमच्या स्नेह्यांनी ७५,००० सांगितला. तोही त्यांनी सोसला. उलट पट्ट्यासाठी त्यांनी १,००,००० रुपये अधिक मागितले आणि आम्ही ते दिले. वजाबाकी होऊन किंमत १,२२,५०० रुपयांनी उतरली.

चर काम देईल की नाही हे पावसाळ्यापूर्वी कळणे शक्य नव्हते. म्हणून ५०,००० रुपये गणेशचतुर्थीपर्यंत आमच्याकडे राहावेत असे ठरले. त्यांच्या मुलाला शंका आली की, खरेदीखत झाल्यावर हे पैसे बुडतील. त्यावर आम्ही त्याला ५५ वे कलमच दाखवले: मालकी गेली आणि किंमत राहिली, तर राहिलेल्या किमतीचा बोजा विकणाराच्या बाजूने त्या घरावरच चढतो. ज्या कायद्याने आपले रक्षण होते त्यानेच समोरच्याचेही होते, हे दाखवून दिले म्हणजे बोलणी फार सोपी होतात. हे सर्व साठेखतात कलमवार लिहिले आणि मगच इसार दिला. हा क्रम उलटा करू नये. सही होऊन पैसे चुकते झाल्यावर घेणाराच्या हाती फक्त न्यायालयाची वाट उरते, आणि ती किती लांब असते हे सर्वांस ठाऊक आहे.

चैत्रात खरेदीखत झाले आणि वैशाखात चर खणला. आषाढाच्या उत्तरार्धात तीन दिवस पावसाने उघडीप दिली नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ छत्री घेऊन न बोलावता आले. आम्ही दोघे मिळून प्रथम चर पाहिला; पाणी खळखळ ओढ्याकडे जात होते. ओटी कोरडी होती, माजघर कोरडे होते. परंतु स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात फरशीच्या सांध्यातून हातभर ओल वर आली होती. ती आम्ही दाखवण्यापूर्वी त्यांनीच दाखवली. म्हणाले, “उपळ पूर्वी येथूनच सुरू होत असे. पुढच्या वर्षी चर आणखी चार हात वर न्या.”

साठेखतात शब्द होते ‘जमिनीवर पाणी येऊन साचल्यास’. ओल म्हणजे साचणे नव्हे. धाकट्या बंधूंचे मत पडले की, चर वाढविण्याचा खर्च त्या ५०,००० मधून कापावा. आम्ही म्हटले, कागदावर जे लिहिले त्याप्रमाणे चालावे. चूक झाली असेल तर ती मोजमाप न लिहिणाऱ्याची, म्हणजे आमची. अशा कलमात किती ओल, कोठे आणि कोणी पाहून ठरवावयाची, हे स्पष्ट लिहावे, हा धडा त्यातून मिळाला. गणेशचतुर्थीला ते सहकुटुंब दर्शनास आले, तेव्हा पूर्ण रक्कम त्यांच्या हाती दिली. बंधूंनी ती मोजून दिली, पण त्यांचे मत आजही पालटलेले नाही, आणि ते पालटावे असा आमचा आग्रहही नाही.

वाचकांपैकी कोणी जुने घर घेणार असतील तर आमचे सांगणे थोडके आहे. इसार देण्यापूर्वी घर जाणत्याला दाखवा. शक्य असेल तर ते भर पावसात पहा. नसेल तर शेजारच्या घरी बसून पावसाळ्यात येथे काय होते ते विचारा. धोक्याचे तेवढे मागा, वयाचे सोसा, आवडीचे मनात ठेवा. आणि विकणाराला ठाऊक नसलेले त्याच्या लाभाचे काही तुम्हाला ठाऊक झाले असेल, तर यादी वाचण्यापूर्वी ते सांगा.

स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात वहिनींनी धान्याची कोठी ठेवलेली नाही. चर यंदा चार हात वर नेला आहे. तो पुरतो की काय, ते आषाढ सांगेल.